शेरी नाल्याच्या काठाकाठानं

सांगलीला आलेला पाहुणा गणपतीचं दर्शन घेतो, आयर्विन पुलावर थांबून फोटो काढतो, भडंग बांधून घेतो आणि गाडी पकडतो. या खेपेला मी वसंतदादांच्या समाधीकडून नदीकाठी उतरलो. शेरी नाला कृष्णेला मिळतो, ते ठिकाण बघायचं होतं.

आधी वास येतो. मग दिसतो काळा पट्टा, नदीत शिरूनही बराच वेळ काठ न सोडणारा. कडेला जलपर्णी दाटलेली. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद हे तिचं आयतं खत. ती सडते तेव्हा पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. जाळं आवरत बसलेल्या एका भोईमामांना विचारलं, "मामा, मासा मिळतोय का?"

"मिळतोय की. पण नुसती चिलापी. वाम बघायला मिळत न्हाई आता."

घाण पाण्यात चिलापी तग धरते, बाकीचे मासे हटतात. नदीचं दुखणं त्या एका वाक्यात कळलं.

हा नाला मुळात गटार नव्हे, पावसाचं पाणी नदीपर्यंत पोचवणारा ओढा आहे. शहर वाढलं आणि गटारं त्यात सोडली गेली. त्याचं सांडपाणी उपसून, शुद्ध करून धुळगावच्या शेतीला देण्याची योजना झाली. मला ती कल्पना मनापासून पटते. पण उपसा थांबला की सगळं पाणी उतारानं नदीतच जातं, आणि नदीवर बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले असतील तर तिथंच साचून राहतं.

तिथून कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट असा चालत फिरलो. पावसाळ्यात सगळ्यांत आधी पाणी येतं ते याच भागात. आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. नदीला फूग आली की पाणी नाल्यांतून उलटं आत शिरतं. त्या वेळी पसरायला ओढ्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जमीन लागते. आपण तिथं भराव टाकतो, प्लॉट पाडतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा नकाशावर असते. त्या रेषेच्या आत घर बांधू देणं म्हणजे त्या कुटुंबाची फसवणूक आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

संध्याकाळी हरिपूरला गेलो. इथं वारणा कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या घाटावर माणसं ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावत होती, आणि हे पाणी सांगलीवरूनच खाली आलेलं. फार वाईट वाटलं.

नाला सुधारायचा म्हटलं की आपल्याकडं दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती उभ्या राहतात. त्यानं पाणी जोरात धावतं, जमिनीत मुरत नाही, काठाचं गवतही जातं. त्याऐवजी मातीचा उतरता काठ हवा. वर उंबर, करंज, जांभूळ. पाण्यालगत वाळुंज आणि लव्हाळा. ही मुळं माती धरून ठेवतात, गाळ अडवतात. आणि काम वरच्या टोकापासून सुरू व्हायला हवं. नाल्यात सोडलेलं एकेक गटार शोधून मलवाहिनीला जोडायचं, वरची गटारं जोडून झाली की खालच्या वस्तीकडं यायचं. वरून मैला येतच राहिला तर नदीकाठी कितीही झाडं लावली तरी भोईमामांच्या जाळ्यात चिलापीच येणार.