आमची वाटचाल : एलबी-१७ लेथ ते ईआरपी, व्हाया एक एप्रिल

ही गोष्ट आमच्या मशीनशॉपने ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक आणि बिलं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, कसं घेतलं त्याची आहे. सुरुवातीच्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत शेड भाड्याने घेतली, फौंड्रीवाल्यांचे लेबर जॉब केले, म्हणजे माल त्यांचा, मशीनिंग आमचं, बँकेचे हप्ते फेडले. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठेही जा, दर दुसऱ्या शेडमध्ये हीच गोष्ट ऐकायला मिळेल. आमचा पहिला लेथ मात्र सांगायलाच हवा. एचएमटीचा एलबी-१७, सेकंडहँड, बेड ग्राइंडिंग करून घेतलेला. तात्या, म्हणजे माझे तेव्हाचे भागीदार, नुसतं हँडल फिरवून बॅकलॅश, म्हणजे स्क्रूचा ढिलेपणा, किती आहे ते सांगायचे. आज कम्प्युटरवर चालणारी सीएनसी आणि व्हीएमसी मशीनं आहेत, पण तो लेथ विकलेला नाही. फिक्श्चरची बुशं अजून त्याच्यावरच होतात.

तात्यांची दुसरी करामत म्हणजे त्यांचं चलन रजिस्टर. माल जॉबवर्कला पाठवायचा एक्साइजच्या काळातला सत्तावन्न एफ फोर नियम केव्हाच गेला, २०१७ ला जीएसटी आला, तरी आमच्याकडे जॉबवर्कच्या चलनाला अजून सत्तावन्न एफ फोरच म्हणतात. तात्यांच्या वहीत फौंड्रीवार पान असायचं : आलेले नग, गेलेले नग, सीआर (कास्टिंगच्या दोषाने बाद), एमआर (मशीनिंगच्या चुकीने बाद), बाकी. महिनाअखेरीला फौंड्रीचा माणूस आला की चहा संपायच्या आत हिशेब जुळायचा.

जीएसटीनंतर आम्ही लेबर सोडून विथ मटेरिअल काम घ्यायला लागलो. कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागाची, किंमतही आमच्याच बिलात आल्यामुळे कागदावरची उलाढाल एकदम फुगली. मग सीए म्हणाले ईआरपी घ्या, ग्राहकाचे परचेसवाले म्हणाले ईआरपी घ्या. एका पॅकेजचा वितरक लॅपटॉप घेऊन आला. रंगीत आलेख, मोबाईलवर नफा-तोटा, सगळं झकास. आम्ही ऑर्डर देण्याआधी त्याला लेखी दिलं होतं : कास्टिंग किलोवर येतं, मशीनिंग नगावर होतं, आणि सीआर निघालेल्या नगावर आमचं मशीनिंगही वाया गेलेलं असतं, ते फौंड्रीकडून वसूल करायचं असतं. "होऊन जाईल साहेब," हे त्याचं उत्तर. ॲडव्हान्स घेतला आणि १ एप्रिल २०१८ ला पॅकेज चालू केलं. आंतरराज्य मालाला ई-वे बिलही, म्हणजे गाडीबरोबर लागणारा ऑनलाइन कागद, नेमकं त्याच दिवशी लागू झालं.

त्यानंतरचे महिने आठवले की आजही डोकं तापतं. पॅकेजमध्ये एका नगाचं वजन एकदाच ठरवून टाकलेलं. आता कास्टिंगचं वजन हीटगणिक, म्हणजे भट्टीच्या दर ओतणीला, थोडं इकडेतिकडे होतं, हे या धंद्यातल्या पोरासोरालाही माहीत आहे. किलोचे नग करताना दशांशात फरक साठत गेला आणि शिल्लक मायनसमध्ये गेली. शिल्लक नसेल तर पॅकेज इन्व्हॉइस करू देईना, आणि इन्व्हॉइसशिवाय ई-वे बिल निघेना. धारवाडला जाणारी गाडी गेटवर उभी, फ्लायव्हील हाउसिंगचा ढीग समोर, आणि आमचा स्टोअरवाला म्हणतोय, "मालक, माल डोळ्यांपुढं हाय, आन् ह्यो म्हंतोय शून्य." वितरकाला फोन केला की एकच पालुपद : तुमची माणसं एंट्री उशिरा टाकतात. ज्या पोराने सिस्टीम बसवली तो दुसरी नोकरी धरून पुण्याला गेला. नवीन आलेल्याला सीआर आणि एमआरमधला फरक आम्हीच शिकवला.

खरा घाव बँकेकडून बसला. स्टॉक स्टेटमेंट पॅकेजमधून काढलेलं, त्यात माल प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालाच्या तारणावर उचलता येणारी रक्कम, घसरली, सीसीतून (कॅश क्रेडिट खात्यातून) पैसे निघेनात, पगार तोंडावर. त्यात ग्राहकाने त्याची लाइन थांबल्याचे पैसे आमच्या नावे टाकणारी डेबिट नोट फाडली. आमच्याच एमआयडीसीतला एक जण, ज्याला मी एकेकाळी टूलिंग उसनं दिलंय, तो ग्राहकाच्या परचेसमध्ये जाऊन सांगून आला की यांच्याकडे सिस्टीमच नाही, माल किती आहे हे यांनाच माहीत नाही. हाउसिंगचा अर्धा शेड्यूल, म्हणजे ठरलेली ऑर्डर, त्याच्याकडे गेला. त्याच्याकडे तेव्हा कोणती सिस्टीम होती म्हणता? एक्सेल. तेसुद्धा मुनीमाच्या पेनड्राइव्हवर.

त्या काळात मिरजेचे पंपवाले अण्णा उभे राहिले. लेबर जॉबच्या दिवसांपासूनचे ग्राहक, रेटसाठी शेवटच्या रुपयापर्यंत भांडणारे, पण पेमेंटला कधी फोन करावा लागला नाही. त्यांनी पुढच्या मालाचे पैसे आधी पाठवले आणि स्वतःचा स्टोअरकीपर आमच्याकडे पाठवला. त्याने आणि तात्यांनी मिळून शॉपवरचा एकेक नग मोजला, हीट नंबरप्रमाणे खडूने खुणा केल्या. ती मोजणी घेऊन मी बँकेत गेलो. मॅनेजर इन्स्पेक्शनला आले आणि लिमिट सुटली. पॅकेज बंद केलं. पुढे काही काळ टॅली आणि तात्यांचं रजिस्टर, एवढ्यावर कारखाना चालवला. आणि नीट चालवला.

दुसऱ्यांदा पॅकेज बघताना आम्ही वितरकाला डेमो करूच दिला नाही. सगळ्यात किचकट चलन समोर ठेवायचं : एकाच हीटचं कास्टिंग, काही नग बाहेर हीट ट्रीटमेंटला गेलेले, काही सीआर, एक एमआर. आमच्या स्टोअरवाल्याला खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, हे टाकून दाखव. मालकाने लांब उभं राहायचं. तुम्हीही हेच करा. लेजर आणि बॅलन्सशीट सगळ्यांनाच जमतं, पॅकेज कळतं ते चलनावर.

एसएपी बिझनेस वन तगडं आहे, पण प्रत्येक वापरणाऱ्याचं लायसन्स. स्टोअरच्या पोराने चलन फाडायलाही लायसन्स घ्यायचं हे मला पचलं नाही. ओडू दिसायला सगळ्यात देखणं, पण फुकटच्या आवृत्तीत पूर्ण अकाउंटिंग नाही, त्यासाठी एंटरप्राइज घ्यावी लागते. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, ओपन सोर्स. ते बनवणाऱ्याच्या घरचाच फर्निचरचा धंदा होता आणि त्याच्यासाठी सॉफ्टवेअर करता करता हे उभं राहिलं, हे कळल्यावर माझा कल तिकडे झुकला, नाकारत नाही. शिवाय त्यात किलो आणि नगाचं गुणोत्तर दर एंट्रीला बदलता आलं. स्टोअरवाल्याने चलन पार केलं आणि तिथेच निर्णय झाला. लायसन्स नाही म्हणजे फुकट, असं मात्र समजू नका. बसवणाऱ्याला पैसे द्यावेच लागतात, आणि चांगल्याला जास्त.

सर्व्हर की क्लाउड, हा वाद ऑगस्ट २०१९ च्या पुराने मिटवला. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गाड्यांच्या रांगा, आमचा अकाउंटंट कोल्हापुरात आणि सगळा डेटा कारखान्यातल्या कम्प्युटरमध्ये. मग क्लाउडच घेतला. २०२१ च्या जुलैत हायवे पुन्हा बंद पडला, तेव्हा अकाउंटंटने घरी बसून बिलांचं काम उरकलं.

अकाउंट्स आम्ही टॅलीतच ठेवले. आमच्या सीएंना तेच वाचता येतं आणि २०२३ च्या एप्रिलपासून कंपन्यांना सक्तीची झालेली एडिट लॉगची, म्हणजे एंट्रीतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची, भानगडही तिथे मिटते. दोन सिस्टीम ठेवू नका असं सल्लागार सांगतात. सांगू देत. आयटीसी-०४ साठी, म्हणजे जॉबवर्कच्या जीएसटी विवरणपत्रासाठी, बाहेर गेलेल्या मालाची यादी चलनांवरून निघते. १० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ऑक्टोबर २०२२ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागलं, तेव्हा आमची एकही गाडी गेटवर थांबली नाही. आणखी एक, कुणी विचारलं नसलं तरी सांगतो : नवीन पॅकेज १ एप्रिलला चालू करू नका. इयर एंडिंगमध्ये अकाउंटंट आधीच अर्धमेला झालेला असतो. ऑक्टोबर धरा, आणि आदल्या रविवारी माल हाताने मोजून घ्या.

हाउसिंगचा शेड्यूल अजून पूर्ण परत आलेला नाही. डेबिट नोटवर पत्रव्यवहार चालू आहे. त्या पहिल्या वितरकाला दिलेला ॲडव्हान्स अजून लेजरला येणे दिसतो. दर मार्चला सीए म्हणतात, राइट ऑफ करून टाकूया. मी सही करत नाही.