आमची वाटचाल : खोगीर पिशवी आणि पाण्यावरून टिपलेले हत्ती

होडीतून हत्ती टिपायला निघालेलं गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिला प्रश्न लेन्सचा असतो. ४०० मिमीची घेऊ की ५००ची? आम्ही सुरुवातीपासून एकच सांगत आलोय : आधी लेन्सच्या खाली काय ठेवणार ते ठरवा.

बडोद्यात दांडिया बाजारात आम्ही लेन्स भाड्याने देतो, पण आमचं नाव झालं ते खोगीर पिशवीने. होडीवर ट्रायपॉड लावला की इंजिनाची सगळी थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते, आणि बाजूच्याला हलायला जागा उरत नाही ती वेगळीच. म्हणून बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची धान्याची पिशवी. आमची पहिली पिशवी मांडवीतल्या शिंपीकाकांनी शिवली. तेच पुढे धंद्यात भागीदार झाले. दोन कप्पे आणि मध्ये खाच, त्यामुळे होडीच्या कठड्यावर ती खोगिरासारखी बसते. बाहेरून जाड कॅनव्हास, दुहेरी शिवण, आत धान्याची वेगळी खोळ, आणि चेनवर वेल्क्रोची पट्टी. ती पट्टी काकांची. चेन उसवली तरी दाणे होडीभर सांडत नाहीत.

पिशवी प्रवासात रिकामी न्यायची. कर्नाटकातल्या काबिनी जलाशयावर जाताना म्हैसूरच्या बाजारात अडीच किलो तांदूळ किंवा मूग घ्यायचे. बोट्स्वानात चोबे नदीवर जाणाऱ्याने इथून धान्य नेऊ नये, ते तिथल्या कसाने गावात विकत घ्यावं. पिशवी पाऊणच भरायची. गच्च भरली की लेन्स वर डुगडुगते, पाऊण भरली की दाणे सरकून तिला कुशीत घेतात. लेन्सचा पाय (ट्रायपॉडला जोडायचा भाग) फिरवून वर करायचा, म्हणजे नळी सरळ पिशवीत बसते. पण इंजिन चालू असेल तर पिशवीसुद्धा कामाची नाही. तेव्हा लेन्स उचलून हातात धरा, कोपर अंगाला टेकवा आणि शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. इंजिन बंद झालं की १/५०० पुरतं, लेन्समधलं थरथर कमी करणारं स्थिरीकरण मात्र चालूच ठेवा.

आता धंदा बुडता बुडता वाचला त्याबद्दल. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला, विश्वामित्री फुगली आणि आमच्या गोदामात पाणी शिरलं. खालच्या दोन फळ्यांवरच्या सगळ्या लेन्स गेल्या. पाण्यापेक्षा गाळ वाईट. झूमची कडी एकदा जरी फिरवली तरी रेती ग्रीसमध्ये शिरते आणि पुढे काही करता येत नाही. होडीत लेन्स भिजली तरी नियम हाच : बॅटरी काढा, चालू करून बघू नका, कडी फिरवू नका, सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवून कारागिराकडे न्या. उन्हात ठेवू नका. ओल राहिली की बुरशीला वेळ लागत नाही.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका दुकानाने आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं की आम्ही बंद झालो. वर आमचीच पिशवी थर्माकोलचे मणी भरून विकायला काढली. २००-५०० ची लेन्स सव्वादोन किलोच्या वर भरते. तिच्याखाली थर्माकोल दबतो, उसळतो आणि प्रत्येक फोटो हलतो. लोक ती पिशवी घेऊन काबिनीला गेले आणि दोष आमच्या नमुन्याला दिला. ते अजून खुपतं.

तेव्हा एक निवृत्त प्राध्यापक एकटे आमच्याकडे येत राहिले. दर एप्रिलमध्ये काबिनी. धरणाचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं आणि नागरहोळे-बंदीपूरचे कळप काठावर उतरतात. त्यांची पहिली पिशवी काकांनी दोनदा उसवून शिवून दिली. एकच लेन्स नेऊ नये, हे त्यांच्याकडून शिकलो. हत्ती २० मीटरवर आला की ५०० मध्ये नुसतं तोंड मावतं, आणि होडीत लेन्स बदलायला गेलात तर सेन्सरवर धूळ आलीच. दुसऱ्या कॅमेऱ्यावर ७०-२०० चढवूनच निघा.

उजेडाचं बोलायचं तर, ओला काळा हत्ती चौकटभर असला की कॅमेरा फसतो आणि फोटो पांढुरका करतो. तिथे एक्स्पोजर (उजेडाचं माप) उणे २/३ करा. मागे चकाकतं पाणी असेल तर उलट, अधिककडे जा. चोबेला जून-जुलैत सूर्य उत्तरेला असतो आणि बोट्स्वानाचा काठ दक्षिणेला, म्हणून दुपारी पाण्यावर उतरलेल्या कळपावर होडीच्या बाजूनेच उजेड पडतो. नदीतल्या सेडुडू बेटाकडे पोहत जाणारा कळप दिसला तर होडीवाल्याला त्यांच्या वाटेत आडवं जायला लावू नका. पिल्लं मोठ्यांच्या मधोमध असतात, ती बिथरतात. फोटोही बाजूनेच चांगला येतो, सोंड पाण्यावर आणि पाठीची ओली रेघ.

आणि उठून एका बाजूला धावू नका. ३० सप्टेंबर २००९ ला केरळातल्या थेक्कडीच्या तलावात होडी उलटून ४५ माणसं गेली. आमच्याकडून लेन्स नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे सांगतो. कितीही मोठा सुळेवाला दिसला तरी बसूनच टिपायचा.

काका आता शिवत नाहीत, त्यांचा पुतण्या शिवतो. वेल्क्रोची पट्टी अजून काका स्वतः कापून देतात. एप्रिलच्या लेन्स आम्ही फेब्रुवारीतच लिहून घेतो.