सासूबाईंच्या आजीची नोंद शोधताना

माझ्या सासूबाईंची आजी अबेनाकी, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका आदिवासी समाजातली होती. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात सेंट-फ्रान्सिस नदीकाठच्या ओडानाक गावात जन्मलेली. १९२०च्या दशकात एका फ्रेंच-कॅनेडियन गिरणी कामगाराशी तिचं लग्न झालं आणि कायद्याच्या लेखी ती परकी झाली. १८७६च्या ‘इंडियन अ‍ॅक्ट’प्रमाणे समाजाबाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या बाईचं नाव आदिवासींच्या सरकारी यादीतून कटायचं. पुरुषाने बाहेरची बायको केली तर मात्र तिचंच नाव यादीत चढायचं! १९८५ला दुरुस्ती झाली ती अर्धीमुर्धी. पुढे ओडानाकच्याच स्टेफान देशेनो आणि इतरांनी कोर्टात दाद मागितली, २०१५मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि ऑगस्ट २०१९पासून इतक्या जुन्या लग्नांच्या वंशजांनाही अर्ज करता येऊ लागला.

सासूबाई म्हणाल्या, “मला पैसे-सवलती नकोत. आजीचं नाव काढलं होतं, ते परत लागलं पाहिजे.” त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून कागदपत्रांचं काम मी घेतलं.

आधार मिळाला तो अबेनाकी इतिहास आणि वंशावळींवर काम करणाऱ्या, देणग्यांवर चालणाऱ्या एका छोट्या संस्थेचा. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं: स्वतःपासून मागे जा, एकेक पिढी, आणि प्रत्येक दुव्याला कागद लावा. इंटरनेटवरच्या तयार वंशावळीतलं काहीही उचलू नका. आपल्याकडे जात पडताळणीसाठी पणजोबांचा शाळेचा दाखला शोधत हिंडलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

क्यूबेकमध्ये एक मोठी सोय आहे. कॅथलिक चर्चची रजिस्टरं सतराव्या शतकापासूनची आहेत, त्यांची छायाचित्रं बघायला मिळतात, आणि त्यांत बाई शेवटपर्यंत माहेरच्या आडनावानेच राहते. समासात ‘बी’ म्हणजे बाप्तिस्मा, ‘एम’ म्हणजे लग्न, ‘एस’ म्हणजे दफन. आजीच्या लग्नाची नोंद लवकर सापडली. वधूचे आईवडील ‘या मिशनचे’, म्हणजे चर्चच्या आदिवासी वस्तीचे, असं धर्मगुरूने लिहिलेलं, खाली वर-वधूंना सही करता येत नाही हा शेरा.

अडलं ते बाप्तिस्म्यापाशी. लग्नात तिचं जे आडनाव होतं, ते ओडानाकच्या रजिस्टरात कुठेच नव्हतं. अबेनाकी घरांत बापाचं बाप्तिस्म्याचं नावच मुलांचं आडनाव होऊन बसल्याची कितीतरी उदाहरणं आहेत, आणि धर्मगुरू कानाला जसं लागेल तसं लिहीत. १९११च्या जनगणनेत तर अख्खं घरच गावात नाही! ती मोजणी १ जूनची. स्वयंसेवक बाईंनी लगेच ओळखलं: उन्हाळ्यात ही घरं अ‍ॅशच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या आणि सुगंधी गवताच्या टोपल्या विकायला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या हॉटेलांकडे जात. तेव्हा १९०१ची बघा, ती ३१ मार्चची आहे.

तिथे होती! आईबाप, दोन भाऊ आणि सर्वांत खाली तान्ही मुलगी. १९०१च्या तक्त्यात जन्मतारखेचा रकाना आहे आणि रंगाचाही. रंगाच्या रकान्यात सगळ्या घरासमोर ‘आर’, म्हणजे लाल. तो रकाना बघून मला संताप आला. आणि त्याच ओळीतल्या जन्मतारखेने बाप्तिस्म्याचं पान हाती आलं. आडनाव वेगळं, पण आईचं माहेरचं नाव तेच, आणि धर्ममाता म्हणून तीच मावशी जिच्या गोष्टी सासूबाईंनी लहानपणी ऐकल्या होत्या.

त्या गोष्टीही संस्थेने लिहून घ्यायला लावल्या: कोणी, कधी, कोणाकडून ऐकलं यासकट. त्याला कारण आहे. ४ ऑक्टोबर १७५९ला, फ्रेंचांशी लढणाऱ्या ब्रिटिश बाजूच्या मेजर रॉजर्सच्या सैनिकांनी ओडानाक जाळलं. आपण दोनशे माणसं मारली असं त्याने लिहिलं, फ्रेंच कागद तीसच्या आसपास सांगतात. गॉर्डन डे या अभ्यासकाने दोनशे वर्षांनी गावातल्या वृद्धांकडून ऐकलं की आदल्या रात्री कोणीतरी येऊन सावध केलं होतं, म्हणून बरेच जण वाचले. हे कोणत्याही लष्करी अहवालात नव्हतं.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं माझ्या नवऱ्याने विचारलं होतं. त्याचं उत्तर हे: अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०११ आणि २०१२मध्ये चार गटांना अबेनाकी म्हणून मान्यता दिली. ओडानाक आणि वोलिनाक या क्यूबेकमधल्या दोन्ही अबेनाकी गावांना ती मान्य नाही, कारण त्यांच्या मते त्या गटांनी वंशावळ दाखवलेली नाही. मला गावांचं म्हणणं पटतं. घरात चालत आलेली एक कुणकुण पुरेशी धरली, तर ज्यांच्या आज्यांची नावं खरोखर खोडली गेली त्यांच्या कागदाला किंमत काय राहिली?

जन्माचे सविस्तर दाखले, लग्नाच्या नोंदी, जनगणनेची पानं असा गठ्ठा ओटावाला, केंद्र सरकारकडे गेला. खूप वाट पाहावी लागली, मध्ये एक दाखला पुन्हा मागवला गेला. शेवटी सासूबाईंची नोंद झाली. नवऱ्याचा जन्म १७ एप्रिल १९८५च्या, म्हणजे ती पहिली दुरुस्ती लागू झाली त्याच्या आधीचा, त्यामुळे त्याचाही अर्ज आता गेला आहे. फाइलची एक प्रत संस्थेकडे ठेवली. आजीच्या धाकट्या बहिणीनेही बाहेरच लग्न केलं होतं, आणि तिच्या नातवंडांना बाप्तिस्म्याचं ते पान पुन्हा शोधावं लागू नये.