न्हाणीघरातला बेडूक आणि त्याच्या वाटा

गेल्या शिमग्याला आम्ही राजापूर तालुक्यातले आमचे गावचे घर चार महिन्यांनी उघडले. दिवाळीनंतर लावलेले कुलूप, बंद खिडक्या, आणि आत शिरताच न्हाणीघराच्या बाजूने येणारी एक कुबट दुर्गंधी. झाडलोट चालू असताना धाकट्या सूनबाईंनी हाक मारली, "बाबा, जरा इकडे या, कमोडमध्ये काहीतरी हलतेय." टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर भांड्याच्या कडेखाली, जिथून फ्लशचे पाणी उतरते त्या पन्हळीत, दोन फिकट बोटे दिसत होती आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला मसुराच्या डाळीएवढी गोल गादी होती. तो झाडबेडूक होता.

शेजारच्या काकींनी तत्परतेने ॲसिडची बाटली आणून दिली. त्यांचा हेतू चांगलाच होता, आणि कोकणात बहुतेक घरांत हेच केले जाते. कोणी फिनेल ओततो, कोणी मीठ टाकतो, कोणी उकळते पाणी. पण बेडूक कातडीनेच पाणी शोषतो आणि काही अंशी कातडीनेच श्वासही घेतो, त्यामुळे आपण ओतलेले सगळे थेट त्याच्या अंगात जाते आणि तो त्या पन्हळीत, जिथे आपला हात पोहोचत नाही अशा जागी, तडफडून मरतो. शिवाय तेच ॲसिड पुढे सेप्टिक टाकीत उतरते आणि मैला कुजवण्याचे काम करणारे जिवाणू मारते. फ्लश ओढूनही उपयोग होत नाही, कारण त्या गाद्यांच्या पकडीमुळे तो पाण्याच्या लोंढ्यातही चिनी मातीला चिकटून राहतो.

मी लोणच्याची रिकामी बरणी आणि जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घेतला. हात साबण न लावता नुसत्या पाण्याने ओले केले, कारण कोरड्या हाताने धरल्यास बेडकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. मग भिजवलेल्या केरसुणीची एक काडी त्याच्या मागच्या पायाला हलकेच लावली. दोन-तीन वेळा तो आणखी आत सरकला. चौथ्या वेळी त्याने भिंतीवरच्या टाइलवर उडी मारली. त्याच्यावर बरणी पालथी घालून मागून कागद सरकवला, एवढेच. बोटभर लांबीचा, बदामी रंगाचा तो प्राणी बरणीच्या काचेला पोट टेकून बसला, तेव्हा त्याच्या मांड्यांच्या मागच्या बाजूचे काळसर जाळीतले पिवळे ठिपके स्पष्ट दिसले. विहिरीजवळच्या केळीत त्याला सोडल्यावर मात्र हात साबणाने नीट धुतले, कारण बेडकाच्या कातडीवरचा स्राव डोळ्यांत गेला तर झोंबतो.

बेडूक पावसाळ्यात घरात येतात असा आपला समज असतो. झाडबेडकांच्या बाबतीत माझा अनुभव उलट आहे. पावसात त्यांना बाहेर सगळीकडे ओल मिळते. पहिल्या सरींनंतर ते पाण्यावर वाकलेल्या फांद्यांना किंवा हौदाच्या आतल्या भिंतीला साबणाच्या फेसासारखे पांढरे घरटे करतात आणि त्यातली पिल्ले पुढे खालच्या पाण्यात पडतात. पाऊस सरला, कातळ तापू लागला, की पंचक्रोशीत सावली आणि ओल एकत्र मिळण्याची हमखास जागा म्हणजे आपले न्हाणीघर. म्हणूनच ते कार्तिकापासून वैशाखापर्यंत तिथे मुक्कामाला असतात.

आठ दिवसांत तीन बेडूक निघाले, तेव्हा एकेकाला बाहेर नेण्यापेक्षा त्यांची वाट शोधली पाहिजे हे माझ्या लक्षात आले. पहिली वाट दुर्गंधीनेच दाखवली. कमोडच्या खाली आणि आपल्याच न्हाणीवरून नाव पडलेल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीच्या जमिनीत जाळीखाली असलेल्या सांडपाण्याच्या तोंडात, वाकवलेल्या नळीत पाणी साठून राहते. साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच उंचीचा हा पाण्याचा पडदा टाकीतला वायू आणि झुरळे अडवतो. घर महिनोन्‌महिने बंद राहिले की ते पाणी उडून जाते आणि सेप्टिक टाकीपासून न्हाणीघरापर्यंत सरळ रस्ता मोकळा होतो. आमच्या नहाणी ट्रॅपची जाळी उचलून बोट घातले, तर तळाशी कोरडी माती लागली. चाकरमान्यांच्या शेकडो बंद घरांत हेच होत असणार.

पाणी भरलेले असले तरी ते सगळ्यांना अडवत नाही, हेही ध्यानात ठेवावे. उंदीर आणि साप पाण्यातून पोहून वर येऊ शकतात. त्यामुळे बाहेरची तोंडे बंद करावीच लागतात. सेप्टिक टाकीतला वायू वर सोडणाऱ्या उंच व्हेंट पाइपला डासांसाठी जाळी बांधा, असे आरोग्य खात्याचे कर्मचारी दरवर्षी सांगून जातात. आमच्या पाइपाला ती होती, पण उन्हाने जीर्ण होऊन तिच्या चिंध्या लोंबत होत्या. चेंबरच्या झाकणाचा एक कोपरा तुटलेला होता. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप उघडा होता. आणि सगळ्यांत मोठी वाट म्हणजे मोरीचा पाइप: तो परसातल्या अळूत आणि केळीत नेऊन तसाच उघडा सोडलेला, जिथे ओल, किडे आणि बेडूक सगळेच जमतात, आणि बेडकांमागे दिवडही येते. या तोंडाला मी स्टीलची जाळी क्लॅम्पने बसवली आहे. ती काढता येईल अशीच हवी, कारण शिते आणि केस अडकून ती आठवड्याला तुंबते. व्हेंटची नायलॉनची जाळी आता दर मे महिन्यात, आगोटीच्या म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या कामांतच, बदलतो.

साप हा विषय वेगळ्या गांभीर्याचा आहे. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या न्हाणीघरात रात्री ट्रॅपच्या तोंडाशी काळपट अंगावर पांढरे पट्टे असलेला साप दिसला. पालींच्या मागावर घरात शिरणारा बिनविषारी कवड्या असाच दिसतो आणि अतिविषारी मण्यारही जवळपास असाच. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे त्याच्या उलट. पण ही पारख घाबरलेल्या माणसाने टॉर्चच्या उजेडात करण्याची नव्हे. भावाने दार ओढले, फटीत ओला टॉवेल दाबून बसवला आणि सर्पमित्राला बोलावले. तो कवड्याच निघाला. सर्पमित्र माहीत नसेल, तर वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक दारामागे लिहून ठेवावा. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि काठी घेऊन अरुंद न्हाणीत शिरणाऱ्यालाच दंश होण्याचा धोका अधिक असतो.

या दिवाळीनंतर घर बंद करताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून त्यावर दोन चमचे तेल सोडले, म्हणजे तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश उडते. नहाणी ट्रॅपवर प्लास्टिकचा जाड तुकडा आणि वर वीट ठेवली, कमोडचे झाकण लावले. आता शिमग्याला कुलूप काढले तेव्हा दुर्गंधी नव्हती आणि ट्रॅपमध्ये अजून पाणी होते. न्हाणीघरात एकच झाडबेडूक होता, खिडकीच्या दोन काचपट्ट्यांच्या मध्ये, पाय पोटाशी घेऊन बसलेला. तो पाइपातून नव्हे, त्या फटीतूनच आला होता. त्याला तिथेच राहू दिले आहे.