लास्ट शूटिंग, अपडेट ६ : मॅट कोट पांढरा पडला

‘लास्ट शूटिंग’ म्हणजे १९७९ च्या जपानी ॲनिमे मालिकेतल्या गंडम या महाकाय रोबोचा शेवटचा प्रसंग: डोकं आणि डावा हात तुटलेला, उजवा हात वर करून रायफल झाडणारा. त्याचंच प्लास्टिक मॉडेल बनवतोय. एका रविवारी संध्याकाळी मॅट टॉपकोट, म्हणजे चमक मारणारा शेवटचा थर, मारला आणि दहा मिनिटांत गंडमची छाती भस्म फासल्यासारखी पांढरी झाली. पांढऱ्या भागांवर एवढं जाणवत नव्हतं, पण निळा पार राखाडी झाला. खाली दीड महिन्याचं वेदरिंग, म्हणजे रंगाने आणलेला जुनाटपणा. हातपायच गळाले.

आधी जमलेलं सांगतो. मानेचा तुटका भाग पूर्ण झाला. एचजी रिव्हाइव्ह या किटचं प्लास्टिक जागोजागी एक मिलिमीटर जाड आहे, म्हणजे १/१४४ प्रमाणात जवळजवळ साडेचौदा सेंटिमीटरचं चिलखत. फाटलेली कड म्हणून ते पटतच नाही. मग गळपट्टी आणि डावा खांदा आतून रोटरी टूलने खरवडून कडेला कागदाइतके पातळ केले. जुन्या इअरफोनच्या वायरीतले तांब्याचे केस काढून मानेत नऊ तारा बसवल्या. दोन वाकड्या, एक अर्धवट जळालेली. ती जळकी तार मी रोज एकदा तरी बघतो.

आता टॉपकोट. पहिला संशय एअरब्रशच्या नोझलवर. पूर्ण खोलून धुतलं, चमच्यावर मारून पाहिलं, पुन्हा पांढरं. मग थिनरचं प्रमाण बदललं, प्रेशर कमी केलं, हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप रिकामा केला. सहा चमचे वाया गेले. सातव्याच्या वेळी भिंतीवरच्या, आर्द्रता दाखवणाऱ्या हायग्रोमीटरकडे लक्ष गेलं: ८८ टक्के. बाहेर मुसळधार पाऊस, आणि मी खिडकी उघडी ठेवून लॅकर मारत होतो. थिनर उडताना रंगाचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि सुकणाऱ्या थरात अडकते. पांढरं दिसतं ते हेच.

उपाय म्हणजे वरचा थर जरासा विरघळवून ओल बाहेर पडू द्यायची, आणि त्यासाठी सावकाश उडणारा रिटार्डर हवा. मागवला, तर एका ऑनलाइन दुकानाने तीन आठवडे लावले आणि बाटली आली ती झाकणाशी गळत. मॉडेलिंगची रसायनं विकणाऱ्याला झाकणावर टेप मारायचं सुचू नये, याचा मला खरंच राग आहे.

पहिला प्रयोग चमच्यावर, थर अगदी गंडमसारखेच: निळा, ग्लॉस, इनॅमल वॉश (खोबणीत मुरणारा पातळ रंग), मॅट. थिनर आणि रिटार्डर ओलसर मारला, तर वॉशच ओघळला. दुसऱ्या चमच्यावर हात लांब ठेवून धुक्यासारखा एक फेरा, पाच मिनिटं थांबून दुसरा. तिसऱ्या फेऱ्याला निळा परत आला! डोळ्यांदेखत, कडेकडून आतल्या बाजूला. जीव भांड्यात पडला.

मग छातीवर तेच केलं आणि नव्वद टक्के उतरलं. पॅनेल लाइनच्या खोबणीत मात्र पांढरट रेघ राहिली. तिथे अजून थिनर मारायची माझी हिंमत नाही. इतर कुठे असती तर शेवटची लढाई होते त्या अ बाओआ कू या अंतराळकिल्ल्याच्या भुयारातली धूळ म्हणून चालवून घेतली असती. छातीवर नाही. सबंध मॉडेलमध्ये छाती हा एकच भाग आहे ज्याला मी ओरखडाही काढलेला नाही, कारण आत कोअर फायटर, म्हणजे कॉकपिटचं सुटं होणारं छोटं विमान आहे आणि शेवटी गंडमचा चालक आमुरो त्यातूनच बाहेर पडतो. डोकं गेलं तरी मेन कॅमेराच तर गेला, असं म्हणून तो लढत राहतो. छाती गेली असती तर परतीची वाटच गेली असती. त्यामुळे त्या रेघा टूथपिकला कापूस गुंडाळून, एकेक करून काढणार.

हे लिहितानाच एक गोष्ट लक्षात आली. लास्ट शूटिंगच्या क्षणी कॉकपिट रिकामं असतं. आमुरो उतरून गेलेला, गंडम ऑटोपायलटवर, आणि उजवा हात वर करून ते एकटं शत्रूच्या झिओंग रोबोच्या डोक्यावर रायफल झाडतं. मी पाच अपडेट फक्त यंत्राचे दिले. युद्धात ओढला गेलेला पंधरा वर्षांचा पोरगा बेसवर, मॉडेलखालच्या पाटावर, कुठेच नाही! शत्रूच्या मोडक्या झाकू रोबोचा पाय ठेवायचा बेत होता, तो रद्द. तिथे पाठमोरा, चालत जाणारा आमुरो हवा. जपानी एन गेज मॉडेल ट्रेनची माणसं १/१५० ची असतात, फरक डोळ्यांना कळणार नाही. स्पेससूटचं हेल्मेट इपॉक्सी पुटीचं करीन. १२ मिलिमीटरच्या आतलं माणूस मी अजून रंगवलेलं नाही, कुणी रंगवलं असेल तर कितव्या नंबरचा ब्रश वापरलात ते सांगा.

गंडमचं १९८० चं ३०० येनवालं मूळ किट तूर्त डब्यातच. त्याला वेदरिंग नाही, वॉश नाही. १९७९ च्या मालिकेतल्यासारखे सपाट रंग द्यायचे, एवढं ठरलंय.

निपरबद्दल, म्हणजे भाग कापायच्या पकडीबद्दल, दोघांनी विचारलं होतं. रनर (भाग जोडून ठेवणारी चौकट) कापायला साधा चालतो, पण नबचा (भागाला उरलेल्या टोकाचा) शेवटचा काप गॉडहँड कंपनीच्या निपरनेच. पांढऱ्या प्लास्टिकवर ताणाचा डाग जवळजवळ उठतच नाही, पैसे वसूल.

आज पाऊस थांबलाय, दुपारपासून खोलीत डीह्युमिडिफायर लावलाय. हायग्रोमीटरचा काटा ५८ वर आहे. उजवा हात आणि रायफल उरलेत, कंप्रेसर चालू करतोय.