अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि व्हिटॅमिन डीचे थेंब

अपुऱ्या दिवसांचं बाळ एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी येतं तेव्हा त्याच्याबरोबर बाटल्याही येतात. मल्टिव्हिटॅमिनचे थेंब, लोहाचे थेंब, कॅल्शियमचं सस्पेन्शन, कधी व्हिटॅमिन डीचे वेगळे थेंब. "डी चालूच ठेवायचं ना?" हा आई-वडिलांचा नेहमीचा प्रश्न, आणि उत्तर हो असंच आहे. पण त्यापुढचे दोन प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. दूध आणि सगळ्या बाटल्या मिळून दिवसाला डीचे एकूण किती युनिट (लेबलवर IU) पोटात जातात? आणि डीच्या जोडीला कॅल्शियम-फॉस्फरस पुरेसं मिळतंय का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण हाडांचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

गर्भाच्या हाडांतलं सुमारे ८० टक्के कॅल्शियम आणि फॉस्फरस शेवटच्या तीन महिन्यांत जमा होतं. त्या काळात वारेतून बाळाला रोज वजनाच्या दर किलोमागे १०० ते १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साधारण ६० मिलिग्रॅम फॉस्फरस मिळत असतं. २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा हा पुरवठा एका दिवसात तुटतो. त्याला आईचं दूध किलोमागे १५० मिली दिलं, तरी त्यातून कॅल्शियम ४० मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस जेमतेम २० मिलिग्रॅम मिळतं, आणि आतड्यातून शोषलं जातं ते त्याहून कमी. यात आईच्या दुधाचा दोष नाही. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ते पुरेसं असतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यालाही त्याच्यासारखं दुसरं काही मानवत नाही. म्हणून जन्मवजन १५०० ग्रॅमच्या आत असेल तर आईचं दूध बदलायचं नसतं, त्यात फॉर्टिफायर, म्हणजे दुधातली खनिजं आणि प्रथिनं वाढवणारं पूरक, मिसळायचा असतो.

फॉर्टिफायर न देता नुसते डीचे थेंब वाढवत नेणं म्हणजे विटा नसताना गवंडी वाढवणं. डी आतड्यातून कॅल्शियम-फॉस्फरस ओढून घ्यायला मदत करतं, पण आतड्यात मुळात ते असायला हवं. या बाळांच्या हाडांच्या ठिसूळपणात खनिजांची, त्यातही फॉस्फरसची कमतरता हे मुख्य कारण असतं, डीची कमतरता त्यानंतर येते. दीर्घकाळ सलाइनवाटे पोषण, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध), स्टिरॉइड, पित्त साचून झालेली कावीळ आणि फार कमी हालचाल यांनी धोका आणखी वाढतो.

आता डीकडे येऊ. बाळ जन्माला येतं ते आईकडून मिळालेला साठा घेऊन. नाळेच्या रक्तातली पातळी आईच्या पातळीपेक्षा कमीच असते, त्यामुळे आईचीच कमी असेल तर बाळाची कमी असणारच. आईच्या एक लिटर दुधात साधारण २० ते ७० युनिट डी असतं. दिवसाला ३०० मिली दूध पिणाऱ्या बाळाला त्यातून फार तर २० युनिट मिळणार. त्यामुळे थेंब बाहेरून द्यावेच लागतात.

डोसबद्दल मार्गदर्शक सूचना एकसारख्या नाहीत, हे पालकांना आधीच सांगितलेलं बरं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना १५०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना २०० ते ४०० युनिट आणि त्याहून मोठ्यांना ४०० युनिट सांगते. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या शिफारशीत किलोमागे ४०० ते ७०० युनिट आहे, पण दिवसाला १००० च्या वर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये आईच्या दुधावरच्या अतिशय कमी वजनाच्या बाळांसाठी सहा महिन्यांपर्यंत ४०० ते १००० युनिट सांगितलं होतं. या सगळ्यातून व्यवहारात काय घ्यायचं? बहुतेक बाळांना दिवसाला एकूण ४०० ते ८०० युनिटमध्ये भागतं, १००० ही वरची मर्यादा, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत किमान ४०० चालू. नेमका आकडा डॉक्टर बाळाचे रिपोर्ट बघून ठरवतात.

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका "एकूण" या शब्दापाशी होतात. उदाहरण घ्या. बाळ १.८ किलोचं, दूध दिवसाला २८८ मिली. मिसळलेल्या फॉर्टिफायरमुळे १०० मिली दुधात ५० युनिट डी येतं असं धरू, म्हणजे १४४ युनिट. कॅल्शियमच्या सस्पेन्शनमध्ये ५ मिलीला १२५ युनिट डी3 आहे आणि दिवसाला ४ मिली दिलं जातंय, म्हणजे १००. मल्टिव्हिटॅमिनच्या १ मिलीमध्ये ४००. बेरीज ६४४, उत्तम. आता कोणीतरी सांगितलं म्हणून डीचे वेगळे ४०० युनिट सुरू केले की बेरीज १०४४ होते. कोणतीही एक बाटली चुकीची नाही, पण एकूण मर्यादा ओलांडली गेली. म्हणून प्रत्येक लेबलवर "डी3" किंवा "कोलेकॅल्सिफेरॉल" शोधा, आकडे कागदावर लिहून काढा आणि तो कागद प्रत्येक भेटीला डॉक्टरांपुढे ठेवा. आकडा मायक्रोग्रॅममध्ये असेल तर ४० ने गुणा, १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट. फॉर्टिफायरचे आकडे ब्रँडनुसार खूप बदलतात, तेव्हा अंदाजाने धरू नका.

दुसरी चूक ड्रॉपरची. बाजारात १ मिलीला ४०० युनिट असलेले थेंब आहेत, १ मिलीला ८०० युनिटवाले आहेत, आणि एकाच थेंबात ४०० युनिट असलेलेही आहेत. शेवटच्या प्रकारातले १ मिली दिले तर बाळाच्या पोटात दहा हजारांहून जास्त युनिट जाऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१० मध्ये नेमका याच धोक्याबद्दल इशारा दिला होता, की बाटलीबरोबरच्या ड्रॉपरमध्ये बाळाच्या डोसपेक्षा जास्त औषध मावू शकतं. डोस "एक ड्रॉपर" असा कधीच लक्षात ठेवू नये. "इतके युनिट, म्हणजे या बाटलीतले इतके मिली" असं लिहून घ्यावं, ज्या बाटलीचा ड्रॉपर त्याच बाटलीला वापरावा, आणि दुकानदाराने दुसरा ब्रँड दिला तर हिशोब पुन्हा करावा.

देण्याची पद्धत सोपी आहे. ठरलेला डोस ३ ते ५ मिली काढलेल्या दुधात मिसळून आधी पाजायचा, उरलेलं दूध नंतर. पूर्ण बाटलीत मिसळलं आणि बाळाने तळाचं दूध सोडलं, तर किती औषध गेलं ते कळत नाही. थेट तोंडात द्यायचं असेल तर गालाच्या आतल्या बाजूला, हळूहळू, घशात पिचकारी मारून नाही. नळीतून दूध घेणाऱ्या बाळाच्या बाबतीत तेलातले थेंब नळीला आतून चिकटतात, म्हणून दुधात मिसळून द्यावेत आणि मागून थोडं दूध सोडावं. कॅल्शियम आणि फॉस्फेट वेगवेगळं दिलं असेल तर एकाच वेळच्या दुधात मिसळू नका. दोन्ही एकत्र आली की साका बनतो आणि बाळाला दोन्हीतलं पुरेसं मिळत नाही.

कोवळ्या उन्हाचं काय? एवढ्या लहान बाळाची त्वचा पातळ, अंगाचं तापमान लवकर बदलणारं, आणि उन्हातून किती डी तयार झालं हे मोजायचा मार्ग नाही. डीसाठी लागणारे अतिनील-बी किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत, तेव्हा बंद खिडकीपाशी धरून काही होत नाही. काविळीसाठी लावलेल्या निळ्या दिव्यांनीही डी तयार होत नाही, त्यांची तरंगलांबी वेगळी असते.

तपासणीत नुसतं कॅल्शियम बघून निश्चिंत होऊ नये. हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली पातळी सांभाळली जाते, म्हणून रिपोर्ट बराच काळ नॉर्मल दिसतो. बघायचं ते फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं कमकुवत होत असताना रक्तात वाढणारं एन्झाइम), चार-पाच आठवड्यांच्या वयापासून. फॉस्फरस सतत ४ मिलिग्रॅमच्या (दर १०० मिली रक्तात) खाली आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ८०० ते १००० च्या वर चढत असेल तर हाडांचा विचार करायलाच हवा. एक्स-रेवर दिसेपर्यंत २० टक्क्यांहून जास्त खनिज गेलेलं असतं. रक्तातली डीची पातळी प्रत्येक बाळाची तपासायची गरज नसते. पित्त साचलेलं असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा वरचे आकडे बिघडत असतील तर जरूर तपासावी. मिलीमागे २० नॅनोग्रॅमच्या वर समाधानकारक, १०० च्या वर धोका. रिपोर्ट लिटरमागे नॅनोमोलमध्ये (nmol/L) असेल तर २.५ ने भागा.

ठिसूळ हाडांच्या बाळाला हाताळताना एक सवय मोडावी लागते. लंगोट बदलताना दोन्ही घोटे एका हातात धरून पाय वर उचलू नका. कमरेखाली तळहात सरकवा किंवा बाळाला हळूच कुशीवर वळवा. उचलताना दंडाला किंवा बगलेत धरून ओढू नका. हात-पाय हलवला की बाळ कळवळत असेल, किंवा एखादा हात कमी हलवत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

डीमुळे फुप्फुसं सुधारतात, जंतुसंसर्ग टळतो, असंही वाचायला मिळतं. पातळी कमी असलेल्या बाळांमध्ये हे त्रास जास्त दिसतात हे खरं. पण जास्त आजारी, जास्त लहान बाळांचीच पातळी कमी असते, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही. त्या आशेवर डोस वाढवू नये. जास्त डीने रक्तातलं कॅल्शियम चढतं. बाळ दूध कमी घेतं, उलट्या होतात, शी घट्ट होते, लघवी फार होते, आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साचू शकतं. असं काही दिसलं तर थेंब थांबवा आणि बाळाला लगेच दाखवा, जाताना बाटली आणि ड्रॉपर दोन्ही घेऊन जा.

घरी गेल्यावर फॉर्टिफायर बंद होऊन फक्त आईचं दूध सुरू झालं असेल, तर डिस्चार्जनंतर २ ते ४ आठवड्यांनी फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज पुन्हा तपासून घ्यावं. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख नसेल तर निघण्याआधी विचारून लिहून घ्या.