थापट्या पाहिले, भोवत्यासाठी थांबले

रविवार.

धुकं उठायच्या आत तळं गाठलं. ऊन पाठीवर येईल अशी बाजू धरून बसले. समोरून उजेड आला की सगळी बदकं नुसती काळी दिसतात. कडेच्या चिखलात पाणथळीतले पक्षी: शेकाट्या, दोन-तीन ठिपकेवाल्या तुताऱ्या, धोबी तर पायापाशीच. आतल्या पाण्यात थापट्या बदकांचा थवा. नरांची डोकी आता छान हिरवी झाली आहेत. हिवाळ्याच्या सुरुवातीला आलेले असतात तेव्हा नर-मादी ओळखताना घोळ होतो.

त्यांचं खाणं बघत बराच वेळ गेला. रुंद चोच पाण्याला टेकवून सगळे गोल-गोल फिरत होते, एकामागे एक. पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागचा चोचीत घेतो आणि कडांच्या कंगव्यासारख्या दात्यांतून गाळतो; बारीक जीव आणि बिया तेवढ्या आत राहतात. दुर्बीण नीट लावली की चोचीच्या कडेने निथळणारं पाणीसुद्धा दिसतं.

पण आजचा दिवस शेतांचा होता. बांधावर गप्पीदास शेपटी झटकत बसलेला, आणि पलीकडच्या गवताळ माळावर भोवत्या, माळावरचा शिकारी पक्षी! राखाडी नर, पंखांची टोकं काळी, वरच्या बाजूने पंखावर एक बारीक काळी पट्टी. म्हणजे माँटेग्यूचा भोवत्याच, दुसऱ्या जातीचा नाही. (मादी असती तर इतक्या खात्रीने लिहिलं नसतं.) पंख किंचित वर उचलून गवताला घासून जावा इतका खाली उडत होता. मधेच गर्रकन वळला, गवतात उतरला, उठला तो पायात काहीतरी घेऊन. बहुधा नाकतोडा. थेट मध्य आशियातून हे पक्षी येतात ते अशा माळांच्या भरवशावर. रात्री झाडावर नाही, गवतातच जमिनीवर बसतात.

म्हणून अशा माळाला कुणी 'पडीक' म्हटलं की जीव तुटतो. तळं बुजवायला निघालं तर चार माणसं तरी ओरडतात. माळ नांगरला किंवा तिथे खड्डे काढून झाडं लावली तर लोक कौतुकच करतात. भोवत्याला झाडं नकोत, उघडं गवत हवं. हे सांगत राहायला हवं, ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी.

पुढच्या वेळी संध्याकाळी जायचं, मुक्कामाला किती उतरतात ते मोजायला. माळात पाय न घालता, रस्त्यावरूनच. एकदा उठवले तर त्यांना अंधारात दुसरी जागा शोधावी लागते.